जपानची रेघ

सौंसर, मार्च १९८९

प्रिय वंदना,

तुझ्या सरांचा लेख छापून आलेला पाहिला. ब्रिटन आणि जपान यांच्या प्लायवूड आयातीची तुलना. वर नाव सरांचं. तुझं शेवटी, आभाराच्या ओळीत, टंकलेखिकेच्याही नंतर. तू संस्थेत तक्रार केलीस हे तुझ्या आईकडून कळलं. सोमवारी समिती बसणार, आणि तोवर तक्रार मागे घेतली नाहीस तर सर तुझा प्रबंध अडवणार, असंही कळलं. छान गुरू मिळालेत!

मी शाळेतून निवृत्त झाले आहे, शिकवलेलं इंग्रजी विसरलेले नाही. दिवाळीत हाच लेख घेऊन तू माझ्या ओसरीवर बसली होतीस. मी स्वल्पविराम दुरुस्त करत होते आणि तू संत्री सोलत मला आलेख समजावत होतीस. ब्रिटनची रेघ पहिल्यापासून उंच, कारण ते प्लायवूड तयारच आणतात. जपानची वर्षानुवर्षं जमिनीलगत, कारण ते परदेशातून ओंडके आणून प्लायवूड घरीच करतात. मग इंडोनेशियाने ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं आणि जपानची रेघ एकदम उठली. म्हणजे जपान्यांना प्लायवूडची चटक लागली का, असं मी विचारलं, तर तू हसून म्हणालीस : आईचा हात मोडला त्या उन्हाळ्यात आपण कुरडया बाजारातून आणल्या, म्हणून काय त्याच वर्षी आपण कुरडया खाल्ल्या? मला चटकन समजलं. तरी विद्वत्तेच्या लेखात कुरडया नकोत, असं मी बजावलं. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टरांना निबंधात स्वयंपाकघर चालत नसे. तू ऐकलं नाहीस. घरी केलेलं कुणाच्या मोजणीत येत नाही, हे त्यावाचून कसं सांगू, म्हणालीस. त्या वाक्यावर मी अजून विचार करते आहे.

आणि ऐकलं नाहीस ते बरंच झालं. कारण सरांनी ते तसंच छापलंय : ‘माझ्या आईचा हात मोडला त्या उन्हाळ्यात...’ या माणसाने तुझे आकडे घेतले, रेघा घेतल्या आणि घाईघाईत आईसुद्धा तुझीच घेतली!

गुरुवारी पांढुर्ण्याला जाऊन मी तुझ्या आईला हे मराठीतून वाचून दाखवलं. ‘मी कधी झाली व बाई त्यायची माय?’ म्हणत ती पदराने डोळे पुसेपर्यंत हसली.

नंतर म्हणाली, ‘ताई, पोरीले चिठ्ठी लिही. तुह्यं ऐकते ते. म्हणाव, तक्रार वापस घे. नाव गेलं त गेलं, पदवी त पदरात पडते.’ तिची भीती खोटी नाही, वंदना. पदवी खरोखर जाऊ शकते, आणि तसं झालं तर मी ती परत आणून देऊ शकणार नाही. म्हणून मी तिला शब्द दिला. घरी येऊन तशा चार ओळी लिहिल्याही. गोड, समजूतदार, सरांना आवडतील अशा. वाचल्या आणि फाडल्या. पत्र लिहीन असा शब्द दिला होता, तो पाळला; काय लिहीन हे तिने विचारलं नव्हतं. तक्रार मागे घेऊ नकोस. लेखातली ती आई कुणाची, हे समितीला सांगायला सोमवारी पहिल्या बसने मी नागपूरला येते आहे. मी पोचेपर्यंत दाराबाहेर थांब, एकटी आत जाऊ नकोस.

तुझ्या बाजूची आणि तुझीच,
चंद्रकलामावशी