शीलाच्या झोपेबद्दल दिलेला शब्द

९ मार्च २००४
मी सावळेराम गेनू पिंगळे, वय वर्षे त्र्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी, माजी सरपंच, राहणार मंचरनजीक, पूर्ण शुद्धीवर राहून लिहितो की, माझी नात शीला, वय एकवीस, हिचे लग्न डिंगोऱ्याच्या संपतरावांच्या मुलाशी ठरले. आज सुपारी फुटली. तिचा बाप हयात नाही, म्हणून शब्द मी दिला — "मुलीत कसलाही दोष नाही." पाच प्रतिष्ठितांसमक्ष!

ती घोरते, हे बोललो नाही. घोरणे हा दोष नव्हे.

१४ मार्च
परंतु तिचे घोरणे ओसरीपर्यंत ऐकू येते. पाहुण्यांस मी मुक्कामाचा आग्रह करीत नाही. दिवसा ती पेंगते. कॉलेजात मुली म्हणतात, "शीलाबाई, उशी आणू का?" आता कॉलेजास जाणेच तिने सोडले. मी आळशी म्हणालो. तर म्हणते, "आबा, मी निजते, पर माझी झोपच व्हत न्हाई."

२२ मार्च
तोडगा सुचला. माझी बहीण लंकाबाई हिला पाठराखीण म्हणून शीलासोबत सासरी पाठवावे. तिने शेजारी निजावे. घोरू लागताच मुलीस कुशीवर वळवावे.

लंकाबाई कडाडली — "अन् मग, दादा? जलमभर ऱ्हाऊ व्हय तिथं? नवरा-बायकोच्या मधी निजू?"

तोडगा रद्द.

३० मार्च
भाकरी भाजता भाजता शीलाला डुलकी लागली. हात तव्यावर!

मंचरच्या डॉक्टरांनी हाताहून अधिक चौकशी झोपेची केली. म्हणाले, "झोपेत हिचा घसा मिटतो, श्वास अडतो, झोप मोडते. हा आळस नव्हे, आजार आहे." पुण्यास एक रात्र तपासणी, बहुधा नाकावर मास्क लावून, मशीनच्या हवेवर निजावे लागेल.

मी नकार दिला. पुण्यास नेणे म्हणजे गावभर बोभाटा, आणि माझा शब्द खोटा!

२ एप्रिल
झोप लागली नाही. मला!

४ एप्रिल
दुपारी ती निजली असता जवळ बसलो. घोरणे एकाएकी थांबले. असे थांबले की घरात सर्वांस हायसे वाटते — मलाही वाटत असे. आज नाकाशी बोट धरले. छाती धडपडत होती, आणि वारा नाही! हाक मारणार तोच बुडता माणूस वर यावा तसा तिने श्वास ओढला. पुन्हा घोरणे. पुन्हा थांबणे.

ही शांतता आम्ही गाढ झोप समजत आलो.

७ एप्रिल
डिंगोऱ्यास जाऊन सर्व सांगितले. मान खाली घालून.

संपतराव हसले! "घोरती व्हय? एवढंच? अवो पावणं, आमच्या म्हशीबी घोरत्यात! तारीख बदलायची न्हाई."

केवढे ओझे उतरले! लग्नही टिकले, शब्दही टिकला. मग पुण्याचा विषय काढला.

"मशीन-बिशीन आमच्या घरात नगं. लोक काय म्हणतील?"

"अहो, तिचा श्वास थांबतो."

"थांबू द्या की! तेवढीच घराला शांतता."

ओसरीवरचे सगळे हसले. मी चहा तसाच ठेवून उठलो.

८ एप्रिल
दिलेला शब्द मी आज स्वखुशीने मोडला. हे लग्न होणार नाही. तसा निरोप डिंगोऱ्यास धाडला. त्यापूर्वी शीलाचे मत विचारले — प्रथमच. म्हणाली, "आबा, पुण्याची गाडी कितीला?"

समक्ष हजर : बहीण लंकाबाई, आणि शीला स्वतः.