होडीचं तेल आणि गवताचं मशीन

बाई,

शनिवारपासून माझ्या हातांना पेट्रोलचा वास येतोय, साबणाने चोळून धुतले तरी जात नाही, आणि त्या वासाने तुम्ही आठवलात. एरवी आठवता त्या फळ्यापुढे उभ्या, एका हातात पुस्तक आणि दुसरा हात चालीबरोबर वर-खाली. आज आठवलात त्या शाळेच्या फाटकाशी, पदर कमरेला खोचून मोपेडवर वाकलेल्या. आपल्या तालुक्याच्या गावात बाईमाणसाने गाडी चालवणं हेच एक नवल होतं, आणि तुम्ही तर तिच्यात तेलही स्वतः घालायच्या. टाकीचं झाकण हेच माप. त्यात तेल घ्यायचं, टाकीत ओतायचं, आणि मग गाडी हँडलला धरून डावी-उजवी झुलवायची, म्हणजे ते पेट्रोलात नीट मिसळतं. आम्ही भोवती घोळका करून उभे. तुम्ही मान वर न करता म्हणायच्या, "नुसते बघता काय रे? म्हणा कालची कविता." आणि गाडीच्या त्या झोक्यावर आम्ही कविता म्हणायचो, टाकीतलं पेट्रोल आतून चुबुक चुबुक साथ द्यायचं. अजूनही कविता गुणगुणताना मी नकळत झुलायला लागतो. सून विचारते, "बाबा, चक्कर येतेय का?" तिला काय सांगू?

तेव्हा कुणी विचारत नव्हतं की तेल कोणतं. टू-स्ट्रोकचं तेल म्हणजे टू-स्ट्रोकचं तेल, पंपावर पिंपातून मिळायचं, संपला विषय. आता मला गवत कापायच्या मशीनसाठी एक बाटली तेल हवं होतं, आणि त्या एका बाटलीने माझा जीव नकोसा केला.

मी नेरूळला राहतो, मुलाकडे. आमच्या सोसायटीच्या मागच्या बाजूला एक मोकळा तुकडा उरलाय. बाकी सगळीकडे ते राखाडी-लाल पेव्हर ब्लॉक, त्यांच्यावर गाड्या, आणि गाड्यांवर प्लास्टिकची आवरणं. पायाला माती लागेल अशी तेवढी एकच जागा. पावसाळा संपता संपता तिथे कमरेएवढं गवत होतं, त्याच्या तुऱ्यांवर मुनिया पक्षी येऊन झुलतात, आणि मी गॅलरीतून बघत बसतो. तुम्ही आम्हाला शाळेमागच्या माळावर बसवून कविता शिकवायच्या, तसलं काहीतरी त्या तुकड्याकडे बघून वाटतं. पण यंदा त्या गवतात कुणाला तरी धामण दिसली आणि मुलांचं खेळणं बंद झालं. सेक्रेटरी म्हणजे तरुण माणूस, कानात सदा ते फोनचं पांढरं बोंडूक. मला लिफ्टपाशी गाठून म्हणाला, "काका, रविवारी जनरल मिटिंग आहे. तोपर्यंत गवत साफ झालं तर ठीक, नायतर पेव्हर ब्लॉकचा ठराव घेतोय. कायमचं टेन्शन नको."

मी म्हणालो, "मी कापतो."

"तुमी? काका, कशाला उगाच? कंबर धरेल."

"कंबर माझी आहे ना?"

सोसायटीचं मशीन मीटरच्या खोलीत पडून होतं, माळी सोडून गेल्यापासून. पट्ट्याने खांद्याला अडकवायचं, लांब दांड्याच्या एका टोकाला गरगर फिरणारं पातं आणि दुसऱ्या टोकाला टू-स्ट्रोक इंजिन, अगदी तुमच्या मोपेडचं धाकटं भावंड. म्हटलं, यात मला काय कळायचं राहिलंय? पेट्रोल आणा, तेल घाला, झुलवा, दोरी खेचा.

पंपावर गेलो. पोरगेलासा माणूस माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी घोड्यासाठी चंदी मागतोय. "टू-टी तेल? काका, ते बंद होऊन जमाना झाला. टू-स्ट्रोकवाले राहिलेत कुठे?" दुसऱ्या पंपावरही तेच. मग वाशीला गेलो, गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात. दुकानदाराने फोनवर बोलता बोलताच मोटारसायकलच्या तेलाचा डबा काउंटरवर आपटला. "हे घ्या, एक नंबर तेल."

"अहो, हे फोर-स्ट्रोकचं. ते इंजिनात वेगळं राहतं. मला हवंय ते पेट्रोलात मिसळून पेट्रोलाबरोबर जळणारं."

"तेल ते तेल, आजोबा. इंजिनाला काय डोळे आहेत?"

तुम्ही असतात तर त्याला तिथेच उभा केला असतात. मी नुसता बाहेर पडलो. हल्ली मला राग येतो तो घरी पोचल्यावर येतो, दुकानात येत नाही, हा वयाचा आणखी एक त्रास.

मग मासळीवाली भेटली. खाडीकाठच्या दिवाळे गावची आहे, आमच्या गेटपाशी बसते, आमचा कित्येक वर्षांचा परिचय. माझं तोंड बघून म्हणाली, "काय झाला काका, पापलेट महाग झाला म्हनून रुसलाव?" मी तिला सगळं सांगितलं. ती खो खो हसली. "अरे देवा, त्याच्यासाठी वाशी? आमचे घरान हाय ना तेल. होडीच्या मशीनला घालतान समदे. पेट्रोलानच टाकतान. पानी कापतं ते मशीन, तुमचा गवत नाय कापनार?"

बाई, या वाक्यावर मी विरघळलो. पाणी कापतं ते गवत नाही कापणार? किती सुंदर! मनात खाडीचं पाणी, त्यावर एकटी होडी, मागे फेसाची वेणी असं काहीबाही यायला लागलं. ती म्हणाली तेही खरंच होतं, होडीचं इंजिनही टू-स्ट्रोकच, तेलही पेट्रोलातच मिसळायचं. दुसऱ्या दिवशी तिने माशांच्या टोपलीशेजारून एक अर्धा भरलेला डबा काढून दिला आणि पैसे घ्यायला साफ नकार दिला. मी घरी येऊन तेल मिसळलं, आणि वर आणखी थोडं घातलं, इंजिनाला बरं म्हणून. छान झुलवलं. कविताही म्हटली.

मशीन सुरू झालं. पण धूर, बाई! निळा-पांढरा, दाट, जमिनीलगत लोळत पहिल्या मजल्यापर्यंत चढला. धडाधड खिडक्या लागल्या. वरून कुणीतरी ओरडलं, "डेंग्यूची फवारणी आहे का? आधी सांगत जा ना!" मी कापत राहिलो. चार हात गवत आडवं केलं असेल, तेवढ्यात मशीनचा आवाज बसला, घशात काहीतरी अडकल्यासारखा, सायलेन्सर तापून लाल व्हायच्या बेतात, आणि ते बंदच पडलं. दोरी खेचून खेचून खांदा निखळायची वेळ आली. सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून आला. "काका, राहू द्या ना आता. लोकं ग्रुपवर काय काय टाकतायत. पेव्हर टाकून घेऊ, सगळ्यांची कटकट मिटेल."

मला ओरडावंसं वाटलं. कुणावर ते कळत नव्हतं. त्याच्यावर, पंपावर, त्या दुकानदारावर, की त्या बिचारीवर, जिने मायेने डबा दिला. पाणी पिऊन पायरीवर बसलो आणि तो डबा मांडीवर घेतला. आणि एकदम तुमचा आवाज. आठवीत असताना पाठांतर स्पर्धेत मला मधलं एक कडवं आठवेना, तर मी त्याच चालीत माझ्याच दोन ओळी घुसडल्या होत्या. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मी फुगून तुमच्याकडे आलो, आणि तुम्ही म्हणालात, "टाळ्या तुला मिळाल्या, कवितेला नाही. घरी पुस्तक उघडलं होतंस का? नुसतं गोड वाटलं म्हणून म्हणत सुटू नये. आधी वाच."

चष्मा लावून डबा वाचला. पुढच्या बाजूला होडीचं चित्र, ते मी पाहिलं होतं आणि खूशही झालो होतो. मागच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे तेल पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनांसाठी आहे. सरळ आहे की. होडीच्या इंजिनाला सगळी खाडी गार ठेवते. माझं मशीन नुसत्या वाऱ्यावर थंड होणारं, त्यात भलत्या वेगाने फिरणारं, त्याचं तापणं वेगळं, त्याचं तेल वेगळं. मीटरच्या खोलीत मशीनचं माहितीपुस्तकही सापडलं, तिथे मराठीत लिहिलेलं होतं: एअर-कूल्ड टू-स्ट्रोकचं तेल, पेट्रोलाच्या पन्नास भागांना एक भाग. सगळं छापलेलं होतं, बाई. मी सोडून कुणाची चूक नव्हती, आणि याचाच सगळ्यात जास्त संताप आला.

आणि ते 'आणखी थोडं'! ते तर मला माहीत असायला हवं होतं. आठवतं तुम्हाला, तुम्ही मला जिल्ह्याच्या परीक्षेला मोपेडवर मागे बसवून नेत होतात? घाटाच्या चढावर गाडी फुरफुरते आणि थांबते. मी रडकुंडीला. तुम्ही गाडी स्टँडवर लावता, प्लग काढता, तो काळाकुट्ट, तेलाने ओला. अंबाड्यातून केसाची पिन काढून तुम्ही तो खरवडता आणि म्हणता, "काल पंपावरच्या त्या शहाण्याने बाईची गाडी बघून जास्त तेल घातलं. म्हणे, इंजिनाला बरं. जळायला हवं ते जळत नाही मग, काजळी धरते." पिन तशीच काळी परत केसात. परीक्षेत मला काय मार्क मिळाले ते आठवत नाही, ती पिन लख्ख आठवते. आणि तरीही मी शहाण्यासारखं जास्त तेल घातलं!

मग पुन्हा वाशी, या वेळी मार्केट यार्डाजवळ, फवारणीचे पंप आणि शेतीची अवजारं विकणाऱ्या दुकानात. मी सरळ विचारलं, "एअर-कूल्ड टू-स्ट्रोक, कमी धुराचं." त्याने लहानशी बाटली दिली. मी ती काउंटरवरच उलटसुलट करून वाचायला लागलो. तो म्हणाला, "वाचताय काय एवढं? पेपर आहे का?" मी म्हणालो, "हो." मागे एफडी अशी दोन अक्षरं होती, कमी धूर आणि कमी काजळीची खूण, ती बघितल्यावरच पैसे दिले.

घरी येऊन टाकी पूर्ण रिकामी केली. प्लग काढला, तो अर्थातच काळाकुट्ट. हाताला लागली ती नखं घासायची पट्टी घेऊन खरवडला. सून किंचाळली, "बाबा! ती माझी आहे!" नवं पेट्रोल आणलं, औषधाच्या मापाने तेल घातलं, तेवढंच, थेंब जास्त नाही. हात शिवशिवत होता, पण नाही घातलं.

शनिवारी सकाळी पट्टा खांद्यावर घेतला आणि दोरी खेचली. पहिल्याच खेचीला सुरू. धूर म्हणाल तर अगरबत्तीएवढा. पातं गवतात शिरलं आणि गवत कसं पडायला लागलं, सांगू? ओळीने, शांतपणे, कापलेल्या गवताचा तो हिरवा ओला वास. मी मोठमोठ्याने कविता म्हणत होतो, मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू येणार? मधे टाकी भरायला थांबलो तेवढाच. दुपारपर्यंत सगळा तुकडा मोकळा झाला. संध्याकाळी मुलं उतरली, अनवाणी धावली, एकीने लोळणही घेतली. मुनिया तेवढ्या आल्या नाहीत, तुरेच राहिले नाहीत तर त्या कशाला येतील.

रविवारी मिटिंग. गच्चीवर खुर्च्या. सेक्रेटरीने माझ्या हातात गुलाबाचं फूल दिलं. "काकांनी कमाल केली. खरं सांगतो, गवतामुळे कळतच नव्हतं, पण मागे एवढी जागा आहे! मी काल पावलांनी मोजली. आठ-दहा गाड्या आरामात बसतील." सगळे कठड्याशी जाऊन खाली बघायला लागले. खरंच, किती सपाट, किती मोठी दिसत होती जागा. मी असं लख्ख कापलं होतं, की प्रत्येकाला तिथे स्वतःची गाडी उभी दिसायला लागली. "वा वा!" झालं. पार्किंगचा ठराव आला, पेव्हर ब्लॉकसकट. गवत तसंच राहिलं असतं तरी पेव्हरचा ठराव येणारच होता, पण तिथे गाड्या उभ्या करायचं निदान कुणाच्या मनात आलं नसतं. हात वर व्हायच्या आधी सेक्रेटरी म्हणाला, "काका, तुमी दोन शब्द बोला ना."

भाषण मी मनात जुळवून ठेवलं होतं. माती, अनवाणी पाय, शाळेमागचा माळ, सगळं. उभा राहिलो आणि बोललो. होडीचं इंजिन पाण्याने कसं थंड होतं आणि आपलं वाऱ्याने कसं, तेल जास्त झालं की प्लग काजळी कसा धरतो, पन्नासास एक म्हणजे नेमकं किती, बाटली घेताना मागे कोणती अक्षरं बघायची. लोक मोबाइल बघायला लागले तरी मी थांबलो नाही. मी बसलो, हात वर झाले आणि ठराव मंजूर झाला.

पत्ता असता तरी हे पत्र मी तुम्हाला पाठवलं नसतं, बाई. तुम्ही एकच विचारलं असतं, "आणि जागेबद्दल काय बोललास?" काही नाही बोललो. धीर झाला नाही, असं घरी सांगितलंय. खरं सांगायचं तर तिथे उभा असताना ती जागा मला आठवलीच नाही. मशीन पहिल्या खेचीला सुरू झालं, एवढंच मला सगळ्यांना सांगायचं होतं.