पाहुण्यांसाठी ठेवलेला पंखा

आई,

आधी नमस्कार करते, मग भांडते. बाबांनाही नमस्कार सांग, भांडण त्यांच्याशीही आहेच.

ताईचं पत्र आलं. मी पाठवलेला पंखा तुम्ही दोन महिने खोक्यातच ठेवलाय म्हणे, पाहुणे आले की लावायचा म्हणून. तू ओट्याशी भोवळ येऊन पडलीस तेव्हा बाबा तुला पुठ्ठ्याने वारा घालत बसले, आणि पुठ्ठाही त्याच खोक्याचा. धन्य आहे तुमची.

या उकाड्यात कोण पाहुणा येणार आहे? आलाच, तर तुझी पाठ घामाने निथळताना त्याने वारा खात चहा प्यायचा का?

माझी काळजी करू नकोस. लॉन्ड्रीत वाफ असतेच, पण मी मानेवर ओला रुमाल ठेवते, तासातासाला पाणी पिते. मुकादमबाईंनी दाराजवळची इस्त्री दिली आहे. घामोळं आलंय, ते काय सगळ्यांनाच आलंय. रात्री खिडकी उघडी ठेवून झोपते.

डॉक्टरकडे गेलीस का? खरं सांग.

आणि नवी वस्तू म्हणून जपत असशील, तर ऐक. नवं आहे ते फक्त खोकं, दुकानातून मागून आणलेलं. पंखा माझ्या उशाशी होता तोच आहे. प्लास्टिक सोडलंस की जाळीमागे धूळ दिसेल, ती माझ्या खोलीतली. ती पूस आणि आजच्या आज लाव. नाहीतर मी इथे फुकटच उकडतेय.

तुझ्याइतकीच हट्टी,
धाकटी