सफरचंद आधी पडलं

लाडक्या मिलिसावमामा,

तुम्हाला आणि कोसारामामीला भाचीचा नमस्कार. तुमची कंबर कशी आहे, मामीचा खोकला गेला का, डुकरीण व्याली का, सगळं कळवा. इकडे वूकानला दोन दात आलेत आणि तो दिसेल त्याला चावतो (सासूबाईंना जरा जास्त). आमच्या ह्यांचा, ल्युबिशाचा, हात अजून प्लास्टरमध्येच आहे. तुमच्या बोयानाच्या लग्नात तो टेबलावर चढून शूटिंग करत होता आणि खाली कसा आला ते तुम्ही बघितलंच. तुम्हीच म्हणालात ना, कॅमेरा धरला आणि स्वतःला धरायचं विसरला.

तर मामा, लग्नाचा पिक्चर मी जोडतेय. मी, आठवीत शाळा सोडलेली. सासूबाई म्हणतात, तो कॉम्प्युटर आहे, तवा नाही, हात भाजला तर कळायचंही नाही. भीती तर वाटतेच. रविवारी जावईबापूंच्या वडिलांकडे सगळं गोत बघायला जमणार आहे. बिघडला तर ल्युबिशाला पुढे लग्नाला नुसतं जेवायला बोलावतील, कॅमेरा घेऊन ये कोणी म्हणणार नाही. आता त्यात गोम अशी, की चित्र असतं कॅमेऱ्यात आणि आवाज होता नवरदेवाच्या, स्त्राहिन्याच्या, खिशातल्या छोट्या रेकॉर्डरमध्ये. दोघांचं लग्न आपण लावायचं. पहिल्यांदा लावलं तर पाद्रीबाबांनी आशीर्वाद द्यायला तोंड उघडलं आणि आतून मामीचं हसू बाहेर पडलं.

ल्युबिशा पलंगावरून ओरडला, अगं टाळी शोध, टाळी. कॅमेरा सुरू केला की समोर एक टाळी वाजवायची असते. चित्रात हात जिथे भेटतात तिथे आवाजातली टाळी बसवली, की पुढचं सगळं जुळतं. हे काम माझ्याकडे होतं आणि मी चोख केलं होतं. पण मामा, आपली माणसं तुम्हाला माहीत आहेत. तुमच्या अंगणात मी एक टाळी वाजवली, तर सगळ्यांना वाटलं सुरू झालं. दोनशे हात वाजायला लागले, ट्रंपेटवाल्यांनी गाल फुगवले आणि फेर धरून नाच सुरू. त्यात माझी टाळी कुठली, हे देवालाही सांगता यायचं नाही.

मग आठवली बंदूक. नवरदेवाने सफरचंद पाडल्याशिवाय नवरी उंबरा ओलांडत नाही, आणि तुम्ही तर ते खांबावर इतकं उंच बांधलेलं की देवदूतांनी येताजाता चावा घ्यावा. वर तुमचं चाललेलं, जावईबापू, मिशी वाढवून सफरचंद पडत नसतं, ज्याचा नेम नाही त्याला माझी पोरगी नाही. बिचाऱ्याने तुमचं धुराडं फोडलं, कोंबड्या पळवल्या, आणि शेवटी एकदाचं ते पडलं. ल्युबिशाचा कॅमेरा तेव्हा सफरचंदावरच होता. मी म्हटलं, यापेक्षा चांगली टाळी कुठली. सफरचंद फुटतं तिथे मोठा धडाम बसवला. पण कॅमेरा खाली स्त्राहिन्यावर आला तर हसण्याचा आवाज आधी आणि तोंड नंतर उघडतंय. बरं, ओठ जुळवले. पहिला शब्द बरोबर ओठांवर येऊन बसला ना मामा, तेव्हा मी वूकानला उचलून स्वयंपाकघरभर नाचले. पण आता सफरचंद आधी फुटायचं. नुसता एक बारका, लांबचा फट्ट, की ते फुटलं, आणि ते खाली पडताना अर्ध्या वाटेत आल्यावर मग स्त्राहिन्याच्या बंदुकीचा धडाम. दहादा केलं तरी तेच. सासूबाई म्हणाल्या यंत्राला नजर लागली, आणि वूकानच्या मनगटावरचा लाल दोरा सोडून कॉम्प्युटरला बांधला. (अजून तिथेच आहे. काढायची माझी छाती नाही.)

शेवटी जुळलं बाई सगळं. कसं ते रविवारी बघालच.

तुमची भाची,
नेवेना

ता. क. दुसरा छोटा कॅमेरा माझ्या हातात होता. कडेवर वूकान, त्यामुळे त्यात नवरी कमी आणि मक्याची कणगीच जास्त आलीय. कणगीमागून एक टोपी दिसते, कोंबड्याचं पीस खोवलेली, खाली बंदुकीची नळी, आणि सफरचंद पडायच्या क्षणीच धुराचा गोळा. तसली टोपी आपल्या खोऱ्यात एकाच माणसाकडे आहे. पोरगी घरात राहील म्हणून तुमच्याही पोटात गोळा आला होता तर.

आणखी एक. घाबरू नका, मी घाबरले तेवढं पुरे. तो फट्ट मी कापून टाकला आणि स्त्राहिन्याचा धडाम उचलून सफरचंदावर ठेवला. ओठ पुन्हा जागच्या जागी. अख्ख्या पिक्चरमध्ये आता तेवढीच एक जागा खोटी आहे, आणि व्याही नेमकी तीच पुन्हा पुन्हा लावायला सांगणार.

आणि एवढंच राहिलं. ल्युबिशा म्हणतो, हात बरा झाला की तू परत चुलीपाशी, कडेवर पोर घेऊन कॅमेरा धरणं बरं दिसत नाही. तो फक्त तुमचं ऐकतो. रविवारी सगळ्यांसमोर तुम्ही म्हणायचं, माझ्या पोराच्या लग्नाला कॅमेरा नेवेनाच धरणार. छोट्या कॅमेऱ्यातलं मी पुसलेलं नाही, वूकानच्या लंगोटांखाली नीट ठेवलंय. आणि मामा, येताना ती टोपी तेवढी घरी ठेवा.