खाडीच्या वाकणावर

अंधेरी, गुरुवार

आये,
इथूनच तुझ्या पाया पडते. मी बरी आहे, खोकला गेला. तू दिलेली सुकट पुरवून पुरवून खातेय. बाबांचा गुडघा कसा आहे?

हे पत्र तू एकटीनंच वाच. वहिनीला देऊ नकोस.

काल फोनवर तू रडत म्हणालीस, "खाडीच्या वाकणावर होड्या लावायला बंदी केली गं. आपली जागा यांना दाखवली कोणी?" मी फोनच कापला. तुला वाटलं, रेंज गेली.

आमची संस्था किनाऱ्याच्या सुरक्षेचा अभ्यास करून सरकारला अहवाल देते, हे तुला ठाऊक आहे. दिवाळीत आपण कोळंबी सोलत बसलो होतो, तेव्हा तू हसत म्हणालीस, "भरतीला वाकणावर होडी लावली तर कोण विचारत नाय." ते मी अहवालात लिहिलं. इथून कुणीही हत्यारं उतरवू शकेल, असंही लिहिलं. साहेबांनी नेमक्या त्याच पानाचं कौतुक केलं. नुसतं लक्ष ठेवा, एवढंच मी सुचवलं होतं गं. सरकारनं जागाच बंद केली.

आता बाबा तसल्या गुडघ्यानं लांबच्या जेट्टीवरून मासळीच्या पाट्या कशा आणतात?

सांगणाऱ्याला तू शिव्या देत असशील. दे. पण माहिती कुणाकडून मिळाली, तेही आम्हाला पानाखाली बारीक अक्षरात लिहावं लागतं. तिथे मी लिहिलंय, 'एका स्थानिक मासेविक्रेत्या महिलेकडून.'

ती तू आहेस, आये.

तुझी
चेतना