उतरलेली यंत्रे

पिंप्राळा, जळगाव
८ ऑक्टोबर १९९३

चि. सौ. कमल हीस,
सुनंदाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमच्या शाळेने आम्हाला दिलेले चार जुने संगणक काल टेम्पोतून पोचले. आभार. तुमच्या नव्या संगणकांचा वर्तमानपत्रातला फोटोही पोचला. तो पाठवायची गरज नव्हती. नारळ तू फोडते आहेस आणि पदर नीट नाही, एवढेच मला त्यात दिसले.

लहानपणी माझे उतरलेले परकर तू घातलेस. आता तुझ्या शाळेचे उतरलेले माझ्या शाळेने घालायचे. आई असती तर हसली असती. मला हसू येत नाही.

बटण दाबले की पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ येते, फ्लॉपी घाला म्हणून. आमचा चुडामण शिपाई म्हणतो, मशीन मुकं शे. संस्थेचे अध्यक्ष रुपचंदशेठ म्हणाले, दिवाळीच्या सुटीआधी चालू झाले नाहीत तर एरंडोलच्या मुलांच्या शाळेला देऊन टाकू, मुलींना शिवणयंत्रे पुरेत. नववीच्या मुली रोज त्या खोलीत डोकावतात. फ्लॉपी ताबडतोब पाठव.

मुलांना आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ अजून शाबूत आहे.
सुनंदा


धुळे
१६ ऑक्टोबर १९९३

ती. सौ. अक्कास,
कमलचा शि. सा. न. वि. वि.

पदराचे कळले. तुझी नजर थेट आईची.

या यंत्रांना हार्ड डिस्क नाही, त्यामुळे त्यांच्या पोटात काही राहत नाही. जागे व्हायला वाट एकच, ती मोठी फ्लॉपी. तिच्यात डॉस, म्हणजे यंत्राला जागे करणारी आज्ञावली असते. रोज सकाळी ती घालावीच लागते. आमच्या नव्यांना असले काही लागत नाही, बटण दाबले की झाले. सहज सांगितले, राग धरू नकोस.

जुन्या फ्लॉप्या ओलीने खराब झाल्या. नवी केली आहे, इथे लावून पाहिली आहे. आमचे हिलाल सर जळगावला येत आहेत, त्यांच्या हाती देते.

आहे तसा लोभ असू दे.
तुझी कमल


पिंप्राळा
२६ ऑक्टोबर १९९३

चि. सौ. कमल हीस,
आशीर्वाद.

तुमच्या नारळापुढे आमचे कमी दिसू नये म्हणून खंडेनवमीला यंत्रांची रीतसर पूजा केली. झेंडूचे हार, हळदकुंकू, पेढे, सगळे. रुपचंदशेठ हजर होते. मग तुझी फ्लॉपी एकेक करून चारही यंत्रांत घातली. करकर आवाज, आणि पुन्हा तीच ओळ. शेठ पेढा खाऊन म्हणाले, बाई, एरंडोलला कळवतो.

खराब फ्लॉपी पाठवून तुला काय मिळाले? फोटोत तू एकटीच दिसावीस, एवढेच ना? फ्लॉपी परत पाठवते आहे. ठेव सांभाळून.

सुनंदा


धुळे
१ नोव्हेंबर १९९३

ती. अक्कास,
सा. न.

तुझे पत्र वाचून रडले. मग पाकिटातून फ्लॉपी काढली आणि हसायला लागले.

फ्लॉपीच्या काळ्या वेष्टनाला मध्ये लांबट खिडकी असते. यंत्र तिथूनच वाचते. बरोबर त्या खिडकीत तुझ्या बोटाने लावलेले ओले हळदकुंकू आहे, अक्का! आणि तेच तू चारही यंत्रांना चाटवलेस. एम. ए. झालेल्या बाईने हे केले, हे मी कोणाला सांगणार नाही. वडिलांना मात्र सांगितले.

रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला बोलावून चारही यंत्रांच्या फ्लॉपीच्या खाचा उघड आणि आत स्पिरिटचा बोळा फिरवायला सांग. चार नव्या फ्लॉप्या पाठवते आहे. पूजा पाकिटाची कर.

रागाच्या तळाशी माया असेल, ती वर येऊ दे.
कमल


धुळे
१२ डिसेंबर १९९३

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

यंत्रे सुटीआधी चालू झाली, रुपचंदशेठ गप्प झाले, हे तू चार वेळा कळवलेस. विश्वास बसला होता. पण परवा जळगावला लग्नाला आले तेव्हा तुझ्या शाळेत डोकावले आणि तुझा चहा अर्धा टाकून निघाले. त्याचे कारण सांगते.

तुझी नववीतली मदिना खिडकीला बोट न लावता फ्लॉपी घालते, खटका लावते, आणि यंत्र जागे झाले की बाकीच्या मुली टाळ्या वाजवतात. रोज वेगळ्या मुलीची पाळी. आमची नवी यंत्रे मखमली कपड्याखाली आहेत. किल्ली अध्यक्षांकडे. मुली चपला काढून दारात उभ्या राहतात आणि सर बटण दाबतात ते पाहतात. तुझी जुनी इथे होती तेव्हाही मी ती कुलपातच ठेवली.

मला फार हेवा वाटला, अक्का. चारांतले एक परत देशील का?

कमल


पिंप्राळा
१८ डिसेंबर १९९३

चि. सौ. कमल हीस,
अनेक आशीर्वाद.

मुळीच नाही. मी तुझ्याकडे कधी परकर परत मागितले होते का?

तुझ्या मुलींना शनिवारच्या एस. टी. ने पाठव. आमच्या मुली शिकवतील. चपला काढायची गरज नाही. तूही ये, आणि या वेळी चहा पुरा पी.

फोटोवाल्याला सांगून ठेवते. पदर नीट घेऊन ये.

तुझी,
सुनंदाअक्का