मेजरचा उष्टा नान

मावजुदा आपा, तुला सलाम, लेकरांना मुके.

मी ठणठणीत आहे. धाकट्याचा खोकला थांबला का?

ही परदेशी फौज तळ उठवून मायदेशी चाललीय. आधी विमानं, मग तंबू, शेवटी आमचा भटारखाना, असं मेजरने नकाशा पसरून ठरवलंय. माझं काम जाईल, पण तू त्याचा घोर लावून घेऊ नकोस.

हा तोच मेजर. त्याच्या ट्रकने एर्गश दाजींना गाढवगाडीसकट चिरडलं, तेव्हा म्हणाला होता, "चूक गाढवाची."

काल तो भटारखान्यात येऊन म्हणाला, "तुमच्यात निघताना नानचा एक घास खातात ना? उरलेला टांगून ठेवला की माणूस तो संपवायला परत येतो म्हणे. माझाही टांग. मला इथं परत यायचंय."

"टांगतो की साहेब," मी म्हणालो. त्याने हसत चावा घेतला.

तोच नान सोबत पाठवलाय. भिंतीला टांगू नकोस. पाण्यात भिजव आणि दाजींच्या त्या लंगड्या गाढवाला घाल. समोर उभी राहा, कणही उरू देऊ नकोस.

बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवलेला,
तुझा भाऊ शावकत